जर्मनीत पहिलेच भाड्याचे घर: शुफाचा इतिहास नसताना अर्ज कसा करावा?

प्रश्न

नोकरीनिमित्त दोन महिन्यांनी म्युनिकला जायचे आहे. नोकरीचा करार हातात आला आहे, परंतु घरासाठी जिथे अर्ज करावा तिथे 'शुफा'चा, म्हणजे तिथल्या पतनोंदणी संस्थेचा, दाखला मागतात. मी जर्मनीत आजवर एकही व्यवहार केलेला नसल्यामुळे त्या दाखल्यात दाखवण्यासारखे काहीच नाही. बहुतेक अर्जांना उत्तरच येत नाही. एका घरमालकाने मात्र लगेच होकार दिला आहे. आपण सध्या देशाबाहेर असून तीन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आधी पाठवल्यास किल्ली कुरिअरने पाठवू, असे ते लिहितात. छायाचित्रे सुंदर आहेत आणि भाडे आसपासच्या घरांपेक्षा बरेच कमी आहे. अशी आगाऊ रक्कम देण्याची तिथे पद्धत आहे का?

पहिले उत्तर

पैसे पाठवू नका. देशाबाहेर असलेला मालक, कुरिअरने येणारी किल्ली आणि कमी भाडे या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती फसवणूकच समजावी.

अनामत घेण्याची पद्धत आहे, पण तिला कायद्याची मर्यादा आहे. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ५५१ नुसार घरमालकाला जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटे'इतकीच, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे खर्च वगळून उरणाऱ्या मूळ भाड्याइतकीच, अनामत मागता येते. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि त्यातला पहिला हप्ता भाडेकरार लागू होतो तेव्हा द्यायचा असतो. शिवाय ती रक्कम मालकाने स्वतःच्या पैशांत न मिसळता वेगळी ठेवावी लागते.

दलालीबाबतही सावध असावे. १ जून २०१५ पासून भाड्याच्या घरांना 'जो काम सांगेल तो दलाली देईल' हा नियम लागू आहे, त्यामुळे मालकाने नेमलेल्या दलालाचे पैसे तुमच्याकडून मागता येत नाहीत.

शुफाऐवजी नोकरीचा करार, पगाराच्या अलीकडच्या पावत्या आणि आधीच्या घरमालकाचे 'भाडे थकलेले नाही' असे पत्र एकाच पीडीएफमध्ये जोडा, आणि सोबत स्वतःची ओळख करून देणारे चार ओळींचे जर्मन पत्र लिहा. मोठ्या गृहनिर्माण कंपन्यांपेक्षा एखाद-दुसरे घर भाड्याने देणारे मालक अशी फाइल अधिक आस्थेने वाचतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु परदेशात बसून कायमचे घर मिळवण्याचा प्रयत्नच मुळात सोडून द्यावा असे मला वाटते. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मालक करार करत नाहीत, आणि आपणही करू नये. सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी सामानसुमानासह मिळणारे घर किंवा 'वेगे'तली, म्हणजे सामायिक घरातली, खोली घ्यावी. ती महाग पडते हे खरे, पण खरी अडचण भाड्याची नसून पत्त्याच्या नोंदणीची असते.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत 'आनमेल्डुंग' करावे लागते आणि त्यासाठी मालकाच्या सहीचे 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे घर राहायला दिल्याचे पत्र, लागते. (हा शब्द उच्चारता आला नाही तरी चालेल, कागद मात्र हवाच.) कर-क्रमांकाचे पत्र याच पत्त्यावर येते, तो क्रमांक वेळेत मिळाला नाही तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. कित्येक तात्पुरत्या घरांचे मालक नोंदणीला नकार देतात, म्हणून पैसे देण्यापूर्वीच नोंदणीची संमती लेखी घ्यावी. पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मूळ मालकाची परवानगी आहे ना, हेही विचारावे.

तिसरे उत्तर

घर ताब्यात घेतानाचे थोडे सांगतो, कारण माझे नुकसान तिथेच झाले. पहिल्या घरात शिरलो तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले नळाचे पाइप आणि चुलीसाठीची वायर एवढेच होते, आणि छतावर दिव्यांच्या जागी तारा लोंबत होत्या. ओटा, कपाटे, सिंक सगळे आधीचा भाडेकरू घेऊन गेला होता, आणि तिथे त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. जाहिरातीत 'आइनबाउक्युखे', म्हणजे ओटा-कपाटांसह बसवलेले स्वयंपाकघर, असे लिहिलेले नसेल तर स्वयंपाकघर रिकामे मिळेल असेच धरून चाला.

'उबरगाबेप्रोटोकोल', म्हणजे ताबा देताना करायची नोंद, मी घाईत सही करून दिली. बाल्कनीच्या दारापाशी फरशीवर हाताएवढा ओरखडा होता, तो लिहायचा राहिला, आणि घर सोडताना त्याचे पैसे अनामतीतून वळते झाले. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढा, वीज आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे कागदावर उतरवून घ्या.

घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस लागते. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ती मालकाच्या हाती पडली तरच तो महिना धरला जातो. ती कागदावर, स्वतःच्या सहीनिशी द्यावी लागते, ईमेल चालत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. त्या घरमालकांना मी लिहिले की पैसे देण्यापूर्वी म्युनिकमधला माझा एक सहकारी घर आतून पाहून येईल. त्यानंतर त्यांच्याकडून काहीही आलेले नाही आणि जाहिरातही दिसेनाशी झाली आहे. आता सहा महिन्यांसाठी एक खोली पाहिली आहे. पत्त्याच्या नोंदणीला संमती आहे का, एवढेच विचारणारे पत्र आज पाठवले.