मदत हवी आहे: दवाखान्यात बसल्याबसल्या औषधांची खात्रीची माहिती कुठे पाहता?

नमस्कार. कोपरखैरण्यात माझा छोटा दवाखाना आहे, दीड वर्ष झालं. नुसती एमबीबीएस आहे. (पीजीचं काय झालं हे कृपया विचारू नका, ते काम घरचे चोख करतात.)

गेल्या आठवड्यात एक आजी आल्या. वय ७१, वजन ४४ किलो, लघवीला जळजळ, ताप नाही. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.१ आणि लॅबने रिपोर्टवर इजीएफआर, म्हणजे त्यावरून काढलेला किडनीच्या गाळणीचा अंदाज, छापलेला ५४. मी लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन लिहिलं. चिठ्ठी हातात देणार तेवढ्यात आजींच्या मनगटाकडे लक्ष गेलं, नुसती काडी. पॅडच्या मागे वजन धरून किडनीचं काम मोजणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं गणित मांडलं तर क्लिअरन्स आला ३३!

मग मोबाइलवर शोधाशोध. अमेरिकेतलं लेबल (औषधाचं अधिकृत माहितीपत्रक) म्हणतं, क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर देऊच नका. ब्रिटनचं औषधांचं संदर्भपुस्तक बीएनएफ म्हणतं, इजीएफआर ४५ च्या खाली टाळा. ३० ते ४४ असेल आणि जंतू इतर औषधांना दाद देत नसतील तर थोडे दिवस, जपून. अमेरिकेतलीच वृद्धांसाठीची बीअर्स यादी बघावी, तर तिने २०१५ मध्ये ही मर्यादा ३० वर आणलेली. आजी त्याच, गोळी तीच, उत्तरं तीन. बाहेर बाकावर नऊ जण खोळंबलेले. शेवटी त्याऐवजी फॉस्फोमायसिन या दुसऱ्या औषधाचं एक पाकीट लिहिलं. त्याची किंमत ऐकून मुलगा केमिस्टकडून तसाच परत आला, ते वेगळंच.

दुसरी डोकेदुखी पिशवीची. पेशंट प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी करतो आणि विचारतो, "यातलं काय चालू ठेवू?" परवा एका काकांच्या पिशवीत बीपीचं टेल्मिसार्टन दोन नावांनी निघालं, एक वाशीच्या डॉक्टरांचं, एक गावाकडचं. दोन्ही रोज घेत होते, आणि उठलं की चक्कर येते अशी तक्रार! नावापुढे 'एएम' असेल तर सोबत अॅम्लोडिपिन, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, एवढं कळतं. 'प्लस' आणि 'फोर्ट' म्हणजे काय हे कंपनीलाच ठाऊक. गूगलवर नाव टाकलं की आधी औषधं विकणाऱ्या साइट्स येतात. ड्रॉवरमध्ये सिम्स या औषधसूचीचा जुना अंक आहे, पण केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये औषधांच्या ज्या १५६ मिश्रणांवर बंदी घातली, ती त्यात अजून सुखाने नांदत असणार. औषध कंपन्यांच्या एमआरच्या गुळगुळीत पत्रकांबद्दल न बोललेलं बरं.

तर तुम्ही पेशंट समोर असताना आधी काय उघडता? आणि स्रोतांचं आपापसात पटत नसेल तर कोणाचं ऐकता? अपटूडेट या डॉक्टरांच्या संदर्भ-साइटची वर्गणी माझ्या गल्ल्याला झेपणारी नाही.

---

नौपाडा_ओपीडी: मॅडम, बावीस वर्षं ठाण्यात प्रॅक्टिस करतोय. उत्तरं तीन आली की मी आकडा सोडून कारण बघतो. हे औषध लघवीत उतरलं तरच काम करतं. किडनी थकलेली असेल तर तिथे पोचत नाही आणि रक्तात साठून नसांना त्रास देतं. शिवाय कोण इजीएफआर म्हणतंय आणि कोण क्लिअरन्स, तेही बघा, तुमच्या आजींचा घोळ तिथेच आहे. वजन कमी असलं की दोन्हींत एवढी तफावत पडते. तुम्ही बदललंत ते बरोबर केलंत.

माझ्या टेबलावर नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया असते, २०२१ची सहावी आवृत्ती, गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनची. पूर्ण लेबल हवं असेल तर डेलीमेड ही अमेरिकेतल्या लेबलांची साइट, फुकट आहे. अंगावर पाजणारी आई असेल तर लॅक्टमेड, तेही फुकट. दोन औषधांचं पटतं का हे मेडस्केपवर, पण ते उठसूट घाबरवतं. मी फक्त गंभीर इशारे वाचतो.

वाशीचा_केमिस्ट: पिशवीबद्दल सांगतो. मोठ्या अक्षरातलं नाव वाचूच नका. मागच्या बारीक छपाईत घटक असतात ते वाचा, आणि चिठ्ठीवर घटकाचं नाव कॅपिटलमध्ये लिहा, आमचे अर्धे फोन वाचतील. किमतीसाठी औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी एनपीपीएचं फार्मा सही दाम बघून ठेवा, म्हणजे पेशंट परत येणार नाही. औषधाने कोणाला त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ वर कळवा, डॉक्टर लोक कळवायचा कंटाळा करतात.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. डेलीमेड आणि लॅक्टमेड मोबाइलच्या पहिल्या पानावर टाकलेत. वजनकाटा कपाटामागून काढून दारात ठेवलाय, आल्याआल्या उभं करते. अजून एक विचारायचं राहिलं: चाळीस किलोच्या आतबाहेरच्या म्हाताऱ्यांना तुम्ही दर वेळी सूत्र मांडता, की ठरावीक औषधांपुरतंच? त्या औषधांची स्वतः केलेली यादी कोणाकडे असेल तर फोटो टाका.