मदत हवी आहे: बंगल्याच्या गेटमुळे समुद्राची वाट बंद, सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची) तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची?

पुळणवाला

नमस्कार मंडळी. अलिबाग तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव आहे आमचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

आमच्या आळीतून समुद्रावर जायला एक बोळ आहे. दोन्ही बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट, मग सुरूची झाडं आणि लगेच पुळण. घरातून निघालं की तीन मिनिटांत पाय वाळूत. आईने चाळीस वर्षं याच वाटेने डोक्यावर पाटी घेऊन ये-जा केली. आळीतले गणपतीही इथूनच जातात. गेल्या दिवाळीत बोळाच्या तोंडाला हिरवं लोखंडी गेट लागलं. वर कॅमेरा आणि 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी. आईच्या डोक्यावरच्या पाटीला आता गावाच्या दुसऱ्या टोकाने पंचवीस मिनिटांचा फेरा पडतो.

बोळाच्या दोन्ही बाजूच्या वाड्या मुंबईच्या एका शेठने घेतल्या आहेत. मधली वाटही त्यात आलीच, असा त्यांचा समज. समुद्राच्या बाजूला सहा फुटी चिऱ्याची भिंत घातली आहे. बंगला उभा आहे त्या जागी पूर्वी एका म्हातारीचं कौलारू घर होतं, दोन खोल्या आणि पडवी. कागदावर म्हणे त्याच घराची 'दुरुस्ती' झाली. दुरुस्तीत वरचा मजला आणि पोहण्याचा तलाव निघाला! अमावास्येच्या उधाणाला पाणी जिथे टेकतं तिथून मी दोरीने मोजलं. भिंत ३२ मीटरवर, बंगला साधारण ६० मीटरवर.

दोन कार्यालयांत अर्ज देऊन झाले. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे.

आता खरी अडचण. त्या बंगल्यावर वॉचमन आहे तो माझा चुलतभाऊ. शेठ नसले की सकाळी सातच्या आत तो गुपचूप कुलूप काढतो आणि आई पलीकडे जाते. तक्रार केली तर पहिली नोकरी त्याची जाणार. आणि दुसरं, लाज वाटते पण सांगतो: त्यातली एक वाडी १९९८ मध्ये माझ्या वडिलांनीच विकलेली. ती दोन हात फिरून शेठकडे आली.

तर तक्रार कुणाकडे करायची, कोणते कागद लागतील, आणि भावाला मध्ये न आणता हे जमेल का?

स्पष्टवक्ता_७१

राग मानू नका, पण वाडी विकताना पैसे मोजून घेतले आणि आता वाट हवी? आख्खा अष्टागर (ही आपली अलिबागची किनारपट्टी) असाच विकला गेला. गेट लागल्यावर सगळ्यांना पर्यावरण आठवतं.

जुना_मोजणीदार

स्पष्टवक्ते, वाडी विकली म्हणजे वाट विकली असं होत नाही. तीस वर्षं भूमि अभिलेखात घालवली आहेत, म्हणून बोलतो.

पुळणवाले, तुम्ही दोन भांडणं एकत्र बांधली आहेत, ती आधी सोडवा. वाट हे एक, बांधकाम हे दुसरं. दोन्हींची दारं वेगळी.

वाटेचं आधी, कारण तिथे घड्याळ चालू आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा पाहिजे. दिवाळीपासून मोजा. मात्र हे कलम मुळात शेतजमिनीकडे जाणाऱ्या वाटेसाठी आहे. त्या बोळातून आणखी कुणाच्या वाडीत जावं लागत असेल तर त्यांनाच अर्जदार करा. नुसतं 'समुद्रावर जातो' म्हणालात तर समोरचा वकील तिथेच अडवेल.

गाव नकाशाची नक्कल काढा. पायवाट तिथे एका तुटक रेषेने दाखवतात, गाडीवाट दोन तुटक रेषांनी. रेष असेल तर अर्धं काम झालं.

आणि तुमच्या दोरीबद्दल. मेहनत घेतलीत, पण कायद्याची भरतीरेषा तुमच्या डोळ्यांनी ठरत नाही. ती किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आखलेली असते. १:४००० चे नकाशे गट नंबरांसकट असतात. त्यावर तुमचा गट शोधा आणि अंतर तिथून काढा.

कज्जेदलाल (वकील, पुणे)

वरचं बरोबर. बांधकामापुरतं मी सांगतो.

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची, मग १८ जानेवारी २०१९ ची. गावठाणाबाहेरच्या ग्रामीण किनाऱ्याला पहिल्या दोन्हींत भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा, होतं. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, ते ५० मीटरवर आलं. बाकीच्यांना २०० च. त्यामुळे बांधकाम कधी झालं आणि तेव्हा कोणता आराखडा लागू होता, यावर सगळं अवलंबून. तुमचे ६० मीटर एका हिशेबात आत, एका हिशेबात बाहेर!

ना-विकास क्षेत्रात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण मूळचं जोतं, चटईक्षेत्र आणि घनता न वाढवता. म्हणूनच पडकी घरं एवढ्या किमतीला जातात. लोक घर विकत घेत नाहीत, घराचा नंबर विकत घेतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरांच्या कर आकारणीच्या नोंदीचा) जुना उतारा काढा, म्हातारीच्या घराचं क्षेत्रफळ त्यात असेल. सोबत गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं, तारखेसकट छापून. दोन कागद शेजारी ठेवले की 'दुरुस्ती' उघडी पडते.

तक्रार महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. ते मंत्रालयात पर्यावरण विभागात बसतं. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष तेच. त्या समितीवर पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असं अधिसूचनाच सांगते. तुमच्या जिल्ह्यात ते कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्यात ती शब्दमर्यादा आहे, निबंध लिहू नका. प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर असतात, त्यात गट नंबर शोधा. परवानगी मागितलीच नव्हती असंही निघू शकतं.

दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायाधिकरण, त्याचं पुण्याचं खंडपीठ. लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खाली तिथेही सहा महिनेच, फार तर आणखी साठ दिवस. भरपाई मागायची नसेल तर फी एक हजार.

भावाचं: फोटो पुळणीवर उभं राहून काढा, गेटच्या आतून एकही नको. अर्ज मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर, आळीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी. पन्नास सह्यांत एक आडनाव दोनदा आलं तर कुणाचं लक्ष जात नाही.

स्पष्टवक्ता_७१

आणि होणार काय शेवटी? नोटीस, सुनावणी, तारीख.

कज्जेदलाल

बऱ्याचदा तेच होतं, नाकारत नाही. पण किहीमचा नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ ला सुरुंग लावून पाडला, तोही जनहित याचिकेच्या रेट्यानेच. तो परागंदा झाल्यावर पाडला, हेही खरं.

खाडीपलीकडचा (सॅन होजे)

आमच्याकडे अगदी हेच घडलंय म्हणून लिहितो. कॅलिफोर्नियात हाफ मून बे गावाच्या दक्षिणेला मार्टिन्स बीच. २००८ मध्ये विनोद खोसला यांनी लगतची जमीन सव्वातीन कोटी डॉलर्सना घेतली (गृहस्थ मूळचे भारतीय, अब्जाधीश उद्योजक!). आधीचे मालक गाडी लावायचे पैसे घेऊन लोकांना आत सोडायचे. यांनी काही काळाने फाटकच बंद केलं.

गंमत पुढे आहे. वाट लोकांची की मालकाची, यावर सर्फिंगवाल्यांची संघटना फार अडकली नाही. कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या किनारा कायद्यात 'विकासकाम' या शब्दाची व्याख्या एवढी रुंद आहे की समुद्राकडे जाण्याच्या सोयीत बदल करणं हेही त्यात येतं. म्हणजे फाटक बंद करायलाही कोस्टल कमिशनचा (राज्याच्या किनारा आयोगाचा) परवाना हवा. २०१७ मध्ये अपील कोर्टाने हे मान्य केलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खोसलांची याचिका ऐकायलाच नकार दिला. लोकांची वाट अडवली तर कमिशन स्वतः दिवसाला ११,२५० डॉलर्सपर्यंत दंड लावू शकतं. तरी सगळं मिटलं असं नाही, २०२० मध्ये राज्याने पुन्हा दावा लावला. शेठ लोकांकडे वेळ आणि वकील दोन्ही भरपूर.

आपल्या अधिसूचनेत असं काही आहे का हो, कज्जेदलाल?

कज्जेदलाल

एवढं रुंद नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेल-रिसॉर्टसाठीच्या परिशिष्टात आहे: कुंपण घाला, पण लोकांच्या किनाऱ्यावर जाण्याला अडथळा नको. घरमालक म्हणणार, आमचं रिसॉर्ट नाही. पुळणवाले, तो बंगला शनिवार-रविवारी भाड्याने देतात का?

पुळणवाला

देतात! मुंबईच्या गाड्या येतात, रात्री गाणी चालतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेतला, त्यात मोठ्या अक्षरांत 'खाजगी बीच' लिहिलंय.

आता मुख्य सांगतो. गाव नकाशाची नक्कल अजून यायची आहे, पण मोजणीदार काकांचं वाचून काल माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. वडिलांचं १९९८ चं खरेदीखत निघालं. आजवर ते कधी वाचलंच नव्हतं, काढायचीसुद्धा लाज वाटायची. चतुःसीमेत लिहिलंय: 'पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्रावर जाण्याची वहिवाटीची वाट.' म्हणजे वडिलांनी वाडी विकली, वाट बाहेर ठेवली. शेठच्या खताची साखळी याच कागदापासून सुरू होते. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मग, मी सांगत नव्हते?' आणि मासे निवडायला बसली.

बोळाच्या शेवटी शेजाऱ्यांची एक छोटी वाडी आहे, ते अर्जदार व्हायला तयार आहेत. खरेदीखताची झेरॉक्स जोडली तर चालेल का?

जुना_मोजणीदार

झेरॉक्स नको. दुय्यम निबंधकाकडून सही-शिक्क्याची नक्कल काढा, आणि एक नाही, तीन. मूळ खत ट्रंकेतच राहू द्या, कुणी मागितलं तरी हातात देऊ नका.