मदत हवी आहे: समुपदेशनाच्या दहा भेटींचे पैसे एकदम भरायचे का? शनिवारच्या आत सांगा

दुधनाकाठ (बुधवार, रात्री ९.१०)
शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. आमच्या घरात आजवर असल्या ठिकाणी कुणी गेलेलं नाही. सेंटरवाल्यांनी व्हॉट्सअॅपवर तीन पानी फॉर्म पाठवलाय, सही करून आणा म्हणतात. दहा भेटींचे पैसे एकदम भरले तर सूट आहे आणि 'शंभर टक्के फरक पडणार' असं रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली. भरू का? जागा चांगली आहे, एसी वगैरे. जाण्याआधी काय विचारून घ्यायचं तेही लिहा. फॉर्म इथं टाइप करत बसत नाही, सगळीकडं सारखाच असतो. थोडक्यात सांगा.

रोखठोक_नांदेड (९.२२)
कोण चाललंय? तुम्ही, वहिनी, का दोघं मिळून? गाव कोणतं? समोर बसणारा माणूस डॉक्टर आहे, सायकॉलॉजिस्ट आहे, का चार महिन्यांचा कोर्स केलेला? यातलं काहीच न सांगता 'भरू का' म्हणता. आम्ही काय पंचांग बघायचं?

जालन्याची_मावशी (९.३१)
भरू नका. पहिल्या भेटीत त्या माणसाशी जमतं की नाही तेच बघायचं असतं. नाही जमलं तर उरलेल्या नऊ भेटींचे पैसे मागायला कोण जाणार? मी वर्षभर जात होते. पहिल्या बाईंशी माझं जमलं नाही, दुसऱ्यांशी जमलं. दर भेटीचे पैसे दर भेटीला. आणि शंभर टक्के फरकाची खात्री कोणताही शहाणा थेरपिस्ट देत नाही.

विमा_मोफत_सल्ला (९.४०)
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखीच सोय द्यावी लागते. पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच पैसे देतात. बाहेरून समुपदेशन घेतलं तर मिळत नाहीत. पॉलिसी नीट वाचा.

रोखठोक_नांदेड (९.४२)
विमा विचारला कुणी?

दुधनाकाठ (१०.०५)
भाच्यासाठी विचारायलोय हो, माझं डोकं ठिकाणावर आहे. बहिणीचा मुलगा, लातूरला नीटची तयारी करायलाय, दुसऱ्यांदा. मी सेलूला असतो. दिवाळीनंतर फोन उचलंना झालाय, मेसचा डबा तसाच परत जातो म्हणून रूममेट सांगतो. सराव परीक्षेचे मार्क घसरले. सेंटर लातूरचंच आहे. मॅडमचं शिक्षण विचारलं नाही, बोर्डावर 'माइंड कोच' लिहिलंय. पैशाचं सांगा.

तुरीचं_वरण (१०.११)
"माझं डोकं ठिकाणावर आहे" म्हणजे जाणाऱ्यांचं ठिकाणावर नसतं असं म्हणायचंय का? पोरासमोर हे बोलू नका म्हणजे मिळवली.

काका_उदगीर (१०.२०)
पोराला काही झालेलं नाही. मोबाइल काढून घ्या. आमच्या वेळी लातूर पॅटर्न होता तरी आम्ही सायकलवर जाऊन शिकलो, रात्री अकराला झोपून पहाटे चारला उठत होतो. कुणाला डिप्रेशन आलं नाही. पाहिजे तर इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवा, फुकट आहे.

घाटीची_पायरी (१०.३४)
काका, डबा न खाणं आणि माणसांशी बोलणं तोडणं हे आळशीपणाचं लक्षण नव्हे. आणि ज्याची मनःस्थिती इतकी ढासळली आहे त्याला दहा दिवस मौनात बसवणं योग्य नाही. गंभीर मानसिक त्रास असलेल्यांना तिथलेच लोक शिबिराला घेत नाहीत.

धागाकर्त्यांसाठी. मी संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात काम केलंय. आधी तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. मुलाचं वय किती? आणि शनिवारी कुठं नेणार आहात हे त्याला सांगितलंय का?

दुधनाकाठ (१०.५०)
सतरा. सांगितलं नाही, करिअर गायडन्स म्हणून नेणार होतो. सांगितलं तर यायचाच नाही. सही मी करणार आहे, भावजींना यातलं काही माहीत नाही आणि त्यांना कळलं तर आमची ताईच खाईल बोलणी. आता तरी सांगा, पैसे?

जालन्याची_मावशी (१०.५८)
पैसे पैसे काय लावलंय!

घाटीची_पायरी (११.१५)
पैसे भरू नका, हे झालं. आता बाकीचं ऐका.

त्याला फसवून नेऊ नका. आत गेल्यावर पाच मिनिटांत त्याला कळेल, आणि मग तो मामावरही आणि त्या बाईंवरही विश्वास ठेवणार नाही. पुढच्या सगळ्या भेटी वाया.

सही. १८ वर्षांखालच्या मुलाची संमती आई-वडील किंवा कायदेशीर पालक देतात, मामा नाही. ताईंनी सही केली तरी चालतं. फॉर्ममध्ये तीन गोष्टी शोधा. वेळ रद्द केली तर पैसे कापतात का (बरेच जण २४ तास आधी कळवायला सांगतात, ते ठीक आहे). भेटीचं रेकॉर्डिंग होतं का. आणि मुलगा जे बोलेल त्यातलं घरी काय सांगणार. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. चांगला थेरपिस्ट सांगतो की रोजचं बोलणं माझ्यात आणि मुलात राहील, पण जिवाला धोका दिसला, कुणी त्याच्यावर अत्याचार करत असेल किंवा कोर्टानं मागितलं तर मला सांगावं लागेल. हे पहिल्याच दिवशी तिघांसमोर बोलून घ्यायचं.

'माइंड कोच' ही काही पदवी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते, नंबर मागा. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर तो एमबीबीएसनंतर त्या विषयातलं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, गोळ्या डॉक्टरच लिहू शकतो. साधा समुपदेशक असेल तर शिक्षण कुठं झालं आणि अडलं तर कुणाकडे पाठवता, हे विचारा. नीट उत्तर देणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि आता मला सांगा, 'जगून काय उपयोग' अशा अर्थाचं तो काही बोललाय का?

काका_उदगीर (११.१९)
गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, शेजारच्याचं बघितलंय.

तुरीचं_वरण (११.२३)
काका, बीपीच्या गोळ्या तुमच्या कधी सुटल्या?

दुधनाकाठ (११.३०)
ताईला बोलला होता म्हणे, "मी नसलो तर तुमचे क्लासचे पैसे तरी वाचतील." आम्हाला वाटलं रागात बोलला.

घाटीची_पायरी (११.३३)
शनिवारची वाट बघू नका. आत्ता त्याच्या रूममेटला फोन करा, आज रात्री त्याला एकटं सोडू नको म्हणावं. खोलीत गोळ्या-औषधं, फवारणीचं काही असेल तर रूममेटनं उचलून दुसरीकडे ठेवावं. मग भाच्याला फोन करून सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. रागावू नका, परीक्षेचं नाव काढू नका. १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. तुम्हीही बोलू शकता, त्यालाही बोलायला देता येतं. तो हो म्हणाला किंवा तुम्हाला शंका वाटली तर सकाळपर्यंतही थांबू नका, लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या तातडीच्या विभागात न्या.

रोखठोक_नांदेड (११.३६)
हे करा. धागा नंतर वाचा.

दुधनाकाठ (११.३८)
निघालो.

मेसवाला_भौ (गुरुवार, सकाळी ८.१५)
लातूरला मेस बदलायची असेल तर माझ्या ओळखीत आहे. घरगुती, भाकरी रोज. डबा परत जायचं कारण अन्नही असू शकतं.

दुधनाकाठ (शुक्रवार, संध्याकाळी ६.४०)
बुधवारी रात्रीच ताईला घेऊन गेलो. १४४१६ ला बोललो, त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. काल मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात दाखवलं. डॉक्टरांनी त्याला आत एकट्याला बोलावलं, आम्ही बाहेर बाकड्यावर. बऱ्याच वेळानं आम्हाला बोलावलं. थायरॉइड, बी १२ तपासायला सांगितलंय, गोळी सुरू केली आहे. फरक कळायला दोन-चार आठवडे लागतात, मधेच बंद करायची नाही, सुरुवातीला लक्ष ठेवायचं असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. सध्या माझ्याकडं सेलूला आणलंय. जेवतो थोडं.

समुपदेशन तिथल्याच सायकॉलॉजिस्टकडं करायचं म्हणतायत, आठवड्याला एकदा. एका वेळेला किती वेळ लागतो? आणि त्या 'माइंड कोच'कडं नोंदणी नंबर विचारला तर रिसेप्शनवाली म्हणाली मॅडमला विचारून सांगते. अजून फोन नाही.

जालन्याची_मावशी (६.५५)
बरं केलंत. साधारण पाऊण ते एक तास. पहिली एक-दोन वेळ नुसती विचारपूस असते, तेव्हाच "काही फरक पडंना" म्हणून सोडवू नका. मधे घरी करायला काही देतात. मला रोज झोपायच्या आधी वहीत लिहायला लावलं होतं. ती वही उघडून बघायची नाही, ताईंनाही सांगा.

घाटीची_पायरी (७.१०)
साधारण सहा ते वीस भेटी धरून चाला, पण आकड्याला चिकटू नका. सेलूहून दर आठवड्याला लातूर झेपत नसेल तर परभणीच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथंही असतो. मुलाला बाई हवी का बुवा, हेही त्यालाच विचारा.

दुधनाकाठ (७.४०)
विचारलं. कुणीपण चालंल म्हणाला. पण त्याचा एकच प्रश्न आहे, "आप्पांना कळणार का?" मी काय सांगू?

काका_उदगीर (७.४४)
बापापासून लपवायचं म्हणजे अतीच झालं.

घाटीची_पायरी (७.५२)
"कळणारच नाही" असं वचन देऊ नका, तो अजून सतरा वर्षांचा आहे आणि भावजी पालक आहेत. त्यांना ताईंनी एवढंच सांगावं की तब्येत बिघडली, सरकारी दवाखान्यात औषध चालू आहे, डॉक्टरांनी काही दिवस अभ्यासाचं बोलू नका म्हटलंय. आत काय बोलला ते बोलायचं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच सांगा की भावजींना बोलावून समजावा. घरच्यांचं न ऐकणारे बाप डॉक्टरांचं ऐकतात, हे मी ओपीडीत खूपदा बघितलंय.

रोखठोक_नांदेड (८.०१)
आणि क्लासची उरलेली फी लेखी अर्ज देऊन मागा, दवाखान्याचा कागद जोडा. तोंडी मागितली तर देत नाहीत.

दुधनाकाठ (८.१०)
ताई आज रात्री भावजींशी बोलणार आहे, मी शेजारी बसतोय. फीचा अर्ज मराठीत चालतो का इंग्रजीत पाहिजे?

मेसवाला_भौ (८.१२)
मराठीत चालतो. मेसचं डिपॉझिटही मागून घ्या.