'ओल्ड पीपल' (जर्मन, २०२२): म्हाताऱ्यांना राक्षस करायची गरज होती का?

पिंपळपान

रविवारी रात्री नेटफ्लिक्सवर हा सिनेमा पाहिला. लेखक-दिग्दर्शक आंडी फेचर. इथे फार जणांनी पाहिला असेल असं वाटत नाही, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगतो. एला नावाची बाई धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी दोन मुलांना घेऊन गावी येते. गाव ओस पडत चाललेलं, तरणी माणसं केव्हाच शहराकडे गेलेली. वडील, आयके, गावातल्याच वृद्धाश्रमात. एलाचा आधीचा नवरा गावातच राहतो आणि त्याची नवी जोडीदार नेमकी त्या आश्रमात कामाला. लग्नाच्या रात्री आश्रमातले म्हातारे बाहेर पडतात आणि दिसेल त्याला मारत सुटतात. पुढे उरलेला वेळ दारं लावा, खिडक्या लावा. शेवट सांगत नाही.

माझं भांडण असं की यातला खरा भयपट लग्नाच्या आधीच होऊन जातो. नात आजोबांना भेटायला आश्रमात जाते, तिथली ती शांतता, नजर एकाच जागी खिळलेली माणसं. मला तिथे घाम फुटला. पण दिग्दर्शकाचा त्यावर विश्वास नाही. सुरुवातीलाच सूड घेणाऱ्या कुठल्याशा दुष्ट शक्तीची दंतकथा सांगून ठेवली आहे. म्हणजे पुढे जे होतं त्याला ना मुलं जबाबदार, ना आश्रम, ना खुद्द म्हातारे. झपाटलं होतं, झालं! आणि कॅमेरा भीती दाखवायला कशाकडे वळतो, तर सुरकुत्या, दात नसलेली तोंडं आणि थरथरणारे हात. ज्यांची बाजू घ्यायला निघालो त्यांच्याच शरीराची किळस प्रेक्षकाला आणायची, हे मला पटलं नाही.

तिखटमीठ

साफ असहमत. भयपट पाहायला बसायचं आणि समाजशास्त्राचा पेपर तपासायचा, असं कसं चालेल?

पडद्यावरचा म्हातारा म्हटला की तो बिचाराच असायला हवा, ही आपली सवय आहे. शाल, खिडकी, डोळ्यांत पाणी, मागे बासरी. प्रेक्षकाने रुमाल काढायचा आणि घरी गेल्यावर आईचा फोन उद्यावर ढकलायचा. इथे निदान म्हातारे चिडले तरी आहेत. राग येणं हे जिवंतपणाचं लक्षण आहे हो.

आणि ही कल्पना काही नवी नाही. १९७६ साली नार्सिसो इबान्येझ सेरादोर यांनी स्पेनमध्ये 'हू कॅन किल अ चाइल्ड?' केला होता. एका बेटावर लहान मुलं मोठ्यांना हसत-खेळत मारतात. तिथे मुलं, इथे म्हातारे. ज्यांच्यावर हात उचलायला आपण धजावणार नाही तेच अंगावर आले तर काय, हीच तर मजा आहे.

पिंपळपान

उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. त्या सिनेमाच्या सुरुवातीला काही मिनिटं निव्वळ खरी चित्रफीत आहे. छळछावण्या, युद्धं, दुष्काळ आणि त्यांत मेलेली मुलं. आधी पुरावा मांडला, मग सूड. भुताखेताची पळवाट नाही. शिवाय मारणारी मुलं गोंडस दिसतात, त्यांना विद्रूप केलेलं नाही. म्हणून तर तो अंगावर येतो.

भिंगरी

मी अर्ध्यात बंद केला. आश्रमातून उठून ही मंडळी कुंपणं काय ओलांडतात, दारं काय फोडतात! माझे सासरे एक मजला चढताना दोनदा थांबतात. ते वाकडे वागले तर मी चहा ओतून होईपर्यंत पळून जाऊ शकते.

तिखटमीठ

भिंगरीताई 😀 पण अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मधली उठून चालणारी प्रेतं तरी कुठे धावतात? हळू चालणारा पण न थांबणारा माणूस जास्त भीतीदायक असतो.

अवांतर: याच रोमेरोने १९७३ मध्ये 'द अम्यूझमेंट पार्क' केला होता. म्हाताऱ्यांच्या हालांबद्दल जागृती व्हावी म्हणून लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या एका संस्थेने तो करून घेतला. जेमतेम तासाभराचा. पांढऱ्या सुटातला एक वृद्ध जत्रेत शिरतो आणि जो तो त्याला लुबाडतो, ढकलतो, हाकलतो. कित्येक वर्षं तो कुणी पाहिलाच नाही. २०१९ मध्ये नीट करून पुन्हा दाखवला. पिंपळपान, तुम्हाला हवा तो सिनेमा हा आहे. पाहा आणि रात्री झोप लागली तर कळवा.

रात्रपाळी

एरवी फक्त वाचते, आज राहवलं नाही. मी नर्स आहे, मूळची सांगलीकडची, जर्मनीत बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये वृद्धांच्या निवासात काम करते. कुठल्या ते विचारू नका. सिनेमा आम्ही चौघींनी मिळून पाहिला आणि चुकीच्या जागी हसलो.

आधी एक गोष्ट. तुम्ही 'वृद्धाश्रम' म्हणता तेव्हा त्यात 'मुलांनी टाकलं' हा अर्थ आपोआप येतो. इथला शब्द फ्लेगेहाइम, म्हणजे जिथे शुश्रूषा होते ते घर. २०२३ च्या अखेरीस जर्मनीत शुश्रूषेची गरज असलेले सुमारे ५७ लाख लोक होते. त्यांतले जेमतेम ८ लाख अशा निवासात, बाकीचे घरीच. सांभाळतं कोण? बायको, नवरा, लेक, सून. म्हणजे इथली मुलं आईबापांना टाकून मोकळी होतात, हा समज सोडून द्या. निवासात येतात ते बहुतेक अगदी शेवटी, घरच्यांचे हात टेकल्यावर. आणि ते फुकट नाही. विमा आहे, १९९५ पासून, पण तो अर्धामुर्धा. दरमहा दोन हजार युरोंच्या वर स्वतःच्या खिशातून जातात. राहतं घर विकून पैसे भरलेले लोक मी पाहिले आहेत. मुलांकडून वसुली होते ती त्यांचं उत्पन्न वर्षाला एक लाख युरोंच्या वर असेल तरच, हा नियम २०२० पासूनचा.

आता भीतीबद्दल. २०१६ पर्यंत कुणाला किती मदत लागते ते मिनिटांत मोजायचे. केस विंचरणं १ ते ३ मिनिटं, दात घासणं ५ मिनिटं, पूर्ण अंग पुसणं २० ते २५ मिनिटं. ती पद्धत गेली, पण जुन्या बायकांच्या हाताला ते घड्याळ अजून आहे. मी नवी असताना एका आजींची वेणी घालत बसले तर सिनियरने दारातून नुसतं मनगट दाखवलं. रात्री एका मजल्यावर मी एकटी. एका खोलीत घंटा वाजवणारा वाट पाहत असतो आणि मी तिसऱ्याच खोलीत ओली चादर बदलत असते. यात राक्षस कुणीच नाही.

आणि बांधून ठेवणं वगैरे: उठू नये म्हणून पलंगाला कठडा लावायचा आणि त्या व्यक्तीची संमती नसेल, तर न्यायालयाची परवानगी लागते. कठड्याला! तिकडे सांगलीला हे मी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

तिखटमीठ

रात्रपाळी, तुमचं वाचून जरा ओशाळलो. पण मग सिनेमा चुकला म्हणता की बरोबर?

रात्रपाळी

राग बरोबर दाखवलाय. राग असतो. परवाच एका आजोबांनी माझ्या मनगटाला चावा घेतला, निळं झालंय. पण त्यांना कुणी झपाटलं नव्हतं. पँट कोण उतरवतंय ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते घाबरले. सिनेमात घाबरतात तरुण. आमच्याकडे उलटं असतं.

पिंपळपान

मला तीन परिच्छेदांत जे सांगता आलं नाही ते तुम्ही शेवटच्या दोन वाक्यांत सांगितलंत.

तिखटमीठ

लगेच विजयी मिरवणूक काढू नका. चावा घेणाऱ्या आजोबांवर सिनेमा केला तर तो महोत्सवात दहा माणसं पाहतील. म्हाताऱ्यांनी दार फोडलं म्हणून तुम्ही पाहिलात, धागा काढलात, म्हणून रात्रपाळीताई लिहित्या झाल्या. एवढं श्रेय फेचरला द्याल की नाही?

पिंपळपान

देतो. कुरकुरत देतो.

बाकावरचा

वय ७६. म्हाताऱ्यांबद्दल तावातावाने बोलणं चाललंय, म्हटलं एक म्हातारा हजेरी लावून जावा.

मला मजा आली. नातवाने लावून दिला आणि 'आजोबा, घाबराल' म्हणाला. मी पहिल्यापासून म्हाताऱ्यांच्याच बाजूने होतो. पिंपळपान यांना सुरकुत्यांची किळस दाखवली याचं वाईट वाटलं. अहो, आरशात रोज तेच दिसतं, आम्हाला त्याचं काही नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या घोळक्यातल्या एकाचंही नाव मला कळलं नाही. आयके तेवढा माणूस, कारण तो नायिकेचा बाप. बाकी सगळे नुसते म्हातारे. सिनेमाचं नावही तेच ठेवलंय म्हणा.

रात्रपाळी

काका, हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या मजल्यावर प्रत्येक दारावर नाव आणि तरुणपणीचा फोटो असतो. खोली ओळखता यावी म्हणून. आताचा फोटो लावला तर काही जण स्वतःलाच ओळखत नाहीत.

भिंगरीताईंसाठी: इथे पळून जाणारे असतातच, धावत नाहीत एवढंच. घरी जायचंय म्हणून निघतात. त्यासाठी काही निवासांबाहेर खोटा बसथांबा उभारलेला असतो. ड्युसेलडॉर्फच्या एका निवासातला तर वर्तमानपत्रांत गाजला होता. खरा खांब, खरी पाटी, बाक. बस मात्र येत नाही. माणूस तिथे जाऊन बसतो, हळूहळू शांत होतो, मग कुणीतरी जाऊन म्हणतं, बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊ या.

भिंगरी

हे काही त्या सिनेमापेक्षा कमी भयंकर नाही हं.

पिंपळपान

फसवणूकच की ही!

रात्रपाळी

रस्त्यावर गाडीखाली येण्यापेक्षा बरी. आमच्याकडेही आहे तसा बाक. मी स्वतः जाऊन बसते शेजारी.

बाकावरचा

आणि बस कुठे जाणारी, ते विचारत नाहीत का तुम्हाला?

रात्रपाळी

विचारत नाहीत काका, सांगतात. थांब्यांची नावं ओळीने सांगतात. त्यांतले निम्मे थांबे आता नाहीत. काल एका आजींनी मला विचारलं, तू कुठे उतरणार. मी सांगली म्हटलं. तर म्हणाल्या, मग तुला पुढे बदलावी लागेल.