इंग्रजीच्या शिक्षकाला बी.एड. एक वर्षाचंच पुरे, पण त्यात इंग्रजी हवं

खडूवाला
राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2025 च्या मसुद्यात एक वर्षाचं बी.एड. परत आणायचं सुचवलंय. पदव्युत्तर पदवी किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावरून दोन तट पडलेत आणि मी एक वर्षवाल्यांत आहे. मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो.

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्या जास्तीच्या वर्षात इंग्रजी मेथडवाल्यांचं, म्हणजे इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकणाऱ्यांचं, इंग्रजी किती सुधारलं? आमच्याकडे छात्रसेवाकालाला, म्हणजे शाळेतल्या सरावाला, येणारी बी.एड.ची मुलं पाठाची टाचणं सुरेख काढतात. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, हेतुकथन, सगळं दोन रंगांच्या शाईत. वर्गात मात्र पहिलं वाक्य इंग्रजीत, दुसरं मराठीत आणि तिसऱ्यापासून ओळीनं भाषांतर. शेजारच्या बाकावरच्या मुलाला काय म्हणायचंय ते इंग्रजीत विचारून घ्यायचं, हे त्यांना स्वतःलाच जमत नाही.

खरी मेख प्रवेशात आहे. बी.एड.च्या सीईटीला 100 प्रश्न: बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान, शिक्षक अभियोग्यता. ज्या विषयाची मेथड घेणार त्यावर वेगळा विभाग नाही. ईएलसीटी ही इंग्रजीची 50 प्रश्नांची वेगळी चाचणी आहे, पण ती इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असणाऱ्यांना. मराठी माध्यमाच्या कॉलेजात इंग्रजी मेथड घेणाऱ्याचं इंग्रजी दारावर कोणी तपासतच नाही. मग आत दोन वर्षं ठेवा नाहीतर चार.

मेथडमास्तरीण
सर, मी बी.एड. कॉलेजात इंग्रजी मेथड शिकवते, त्यामुळे हे मला लागलंच. बी.एड. म्हणजे इंग्रजी संभाषणाचा क्लास नव्हे. भाषा यायला बी.ए.ची तीन वर्षं दिलेली असतात. तिथे मार्गदर्शिका वाचून प्रथम वर्ग मिळतो त्याचा जाब आम्हाला का?

उलट बाजूही बघा. एम.ए. इंग्लिश करून आलेले, शेक्सपिअरवर तासभर बोलू शकणारे विद्यार्थी आठवीच्या साठ पोरांसमोर दहा मिनिटांत गप्प होतात. मागच्या दोन बाकांवर काय चाललंय ते त्यांना दिसतच नाही. प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. हे सुटायला वर्गात उभं राहायला लागतं, पडायला लागतं, मग कोणीतरी शेजारी बसून सांगायला लागतं. जुन्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात सराव पाठ कसे उरकले जायचे ते आठवतंय ना? आता शाळेतला अनुभव किमान 20 आठवड्यांचा आहे आणि त्यातले 16 दुसऱ्या वर्षी सलग. तेवढं एकच या दोन वर्षांत कमावलंय, तेच तुम्ही घालवायला निघालात.

तासिका_तत्त्वावर
मॅडम, ते 16 आठवडे मी नुकतेच भोगलेत. छात्रसेवाकाल म्हणजे शाळेला फुकटचे बदली शिक्षक. ज्यांचे तास रिकामे त्यांच्या वर्गावर आम्ही. कधी पाचवीचं पर्यवेक्षण, कधी स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, कधी शालेय पोषण आहाराच्या नोंदी. माझे इंग्रजीचे पाठ मार्गदर्शक शिक्षकांनी मागे बसून बघितले ते पहिल्या आठवड्यात. त्यानंतर शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ: ‘उत्तम, फलकलेखन सुधारावे’.

आणि पुढचं तर दोघांनीही धरलं नाही. बी.एड.नंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीचा पेपर दोन 150 गुणांचा, त्यात 60 गुण गणित-विज्ञान नाहीतर सामाजिक शास्त्रांचे. मी इंग्रजीची शिक्षिका, मराठ्यांच्या इतिहासावर आणि अक्षांश-रेखांशांवर तयारी करून पात्र झाले. मग टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी: 200 प्रश्न दोन तासांत, गणितवाल्याला आणि मला तोच पेपर. मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरातीची वाट. नंबर लागलाच तर तीन वर्षं मानधनावर शिक्षण सेवक, माध्यमिकला महिना 18,000. हेच मानधन 2023 पर्यंत 8,000 होतं. एक वर्ष की दोन हा वाद नोकरी असणाऱ्यांचा आहे, साहेब. मला एक वर्ष वाचलं असतं तर तेवढी फी वाचली असती.

निवृत्त मुख्याध्यापक
खडूवाला यांच्या एका गृहीताला माझा विरोध आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी आली म्हणजे शिक्षक कच्चा, असे ते धरून चालतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक डॉडसन यांनी वेल्समध्ये द्विभाषिक पद्धत मांडली त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. तीत मातृभाषेला जागा आहे, मात्र ती शिस्तीने वापरायची. अर्थ मातृभाषेत द्यायचा आणि मुलांकडून सराव मात्र इंग्रजीत करून घ्यायचा. आपल्याकडे होते ते याच्या उलट, म्हणजे वाचन इंग्रजीत आणि बाकीचा तास मराठीत.

आपल्याच देशात इंग्रजी अध्यापनाचे तज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत प्रयोग केला. व्याकरण पाठ करून घेण्याऐवजी रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असली कामे इंग्रजीतून सोडवायला दिली. हा प्रयोग बी.एड.च्या पुस्तकात अर्ध्या पानाची टीप म्हणून येतो. पाच गुणांचा प्रश्न. माझ्या कारकिर्दीत एकाही छात्राध्यापकाने तसा तास घेतलेला मी पाहिला नाही, कारण टाचणाच्या ठरलेल्या चौकटीत तो बसत नाही.

खडूवाला
@निवृत्त मुख्याध्यापक सर, डॉडसनची पद्धत चालवायलासुद्धा शिक्षकाला उरलेला सराव इंग्रजीत घेता आला पाहिजे. तिथेच तर गाडी अडते.

@मेथडमास्तरीण, बी.ए. कच्चं आहे हे मान्य. पण मग तुम्ही कच्चा माल घ्यायचा, टाचणात गुंडाळायचा आणि आमच्याकडे पाठवायचा? भूगोल मेथडवाल्याला नकाशा वाचता आला नाही तर तुम्ही त्याला पास कराल का?

कृतिपत्रिका
मी तालुक्याच्या ठिकाणी शिकवतो. दहावीला इंग्रजीचे 80 गुण लेखी, 20 तोंडी. तोंडीचे 20 कसे पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लेखीत पत्र, सारांश, बातमी हे सगळं गाइडच्या साच्यात बसवून घेतात. साचा घोटून घेणाऱ्या शिक्षकाचा निकाल शंभर टक्के लागतो, मग संस्थाचालकही खूश, पालकही खूश. अशा शाळेत नव्या पोरानं रेल्वेचं वेळापत्रक काढलं तर पहिली तक्रार पालकांकडूनच येईल. प्रशिक्षण एक वर्षाचं असो की चार, नोकरीच्या पहिल्या सहामाहीत शाळा त्याला आपल्यासारखा करून टाकते.

मेथडमास्तरीण
खडूवाला सर, पास करण्याबद्दल बोललात ते झोंबलं, पण उत्तर देते. मेथडचा पेपर लेखी असतो. अंतिम पाठाला तयारी केलेला एकच धडा. विद्यार्थ्याचं स्वतःचं इंग्रजी बोलणं वेगळं तपासायला आमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत जागाच नाही. मग नापास कशाच्या आधारावर करू?

माझं म्हणणं एवढंच: इंग्रजी मेथड घेणाऱ्या प्रत्येकाला ईएलसीटी सक्तीची करा, कॉलेजचं माध्यम काहीही असो. कालावधी दोनच वर्षं ठेवा, पण पहिल्या सत्रात त्यांच्याकडून रोज इंग्रजी वाचून आणि बोलून घ्या. टाचणं नंतर.

खडूवाला
ईएलसीटीला शंभर टक्के पाठिंबा. तिच्यात बोलणं नाही, नुसतं पर्याय निवडणं आहे, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. मात्र ती चाळणी लागली की दुसऱ्या वर्षाची गरजच संपते, हे माझं मत कायम.

तासिका_तत्त्वावर
चाळणी लावाच, पण मग आमच्या भागातल्या कॉलेजांत इंग्रजी मेथडला किती जण उरतात तेही बघा. मी सहावीपर्यंत वाडीवरच्या शाळेत होते, इंग्रजी कानावर पडलं ते कॉलेजात. ती परीक्षा मला तेव्हा जमली नसती. आणि तिथल्या शाळेवर शहरातून शिकवायला कोण येणार? तुमच्या स्टाफरूममधून कोणी बदली मागून घेतंय का?

खडूवाला
@तासिका_तत्त्वावर आमची संस्थेची शाळा, बदली संस्थेतच होते. पण तुमच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे, हे कळतंय. पहिलं सत्र मॅडम म्हणतात तसं झालं आणि चाळणी त्याच्या शेवटी लावली तर चालेल का?

तासिका_तत्त्वावर
चालेल. पण तिथे अडकलेल्याची फी कोण परत देणार, ते आधी लिहून घ्या.