झुरीला विकणाऱ्या क्रूसोबद्दल कणव कशी वाटावी?

प्रश्न :
डॅनिएल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ लहानपणी संक्षिप्त रूपात वाचली होती, तेव्हा बेट, पोपट, शेळ्या आणि वाळूत उमटलेले ते एकच पाऊल एवढेच मनात राहिले. आता संपूर्ण कादंबरी वाचली आणि मन अस्वस्थ झाले. क्रूसो स्वतः मोरोक्कोतल्या साले या बंदरात गुलाम होता. तिथून होडीतून निसटताना तो झुरी नावाच्या मुलाला बरोबर घेतो. अनोळखी किनाऱ्यावर पाणी आणायला हा मुलगा आपण होऊन उतरतो, कारण रानटी माणसे आलीच तर ती त्याला खातील आणि क्रूसो तरी वाचेल. याच मुलाला क्रूसो पुढे पोर्तुगीज कप्तानाला ६० नाण्यांना देऊन टाकतो. शिवाय त्याचे जहाज फुटते, तेही ब्राझीलहून आफ्रिकेकडे गुलाम आणायला निघालेले असताना. हे कळल्यावर त्याच्या २८ वर्षांच्या एकांताबद्दल कणव वाटेनाशी झाली. आपण हे कसे वाचता?

पहिले उत्तर :
ही अस्वस्थता कादंबरीतच पेरलेली आहे, असे मला वाटते. ब्राझीलमध्ये मळा उभा करताना हाताखाली माणूस नसतो, तेव्हा झुरीला देऊन आपण चूक केली, असे क्रूसो म्हणतो. म्हणजे त्याला हळहळ वाटते ती मुलासाठी नव्हे, हातच्या गेलेल्या मजुरासाठी. निवेदन त्याच्याच तोंडी असल्याने त्याची नजर कुठवर पोहोचते, हे आपल्याला लख्ख दिसते.

दुसरे उत्तर :
याचे श्रेय मी लेखकाला देणार नाही. कादंबरी १७१९ सालची आहे, आणि स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरवण्याचा मक्ता ब्रिटनला १७१३ मध्येच मिळालेला होता. बेटावर वाचवून सेवक केलेल्या फ्रायडेला क्रूसो आपले खरे नाव सांगत नाही, ‘मालक’ हेच आपले नाव म्हणून शिकवतो, आणि लेखक त्याला कुठेही अडवत नाही. तरीही पुस्तक बाजूला ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन, ते मडक्यांच्या प्रकरणासाठी. दोन महिने खपून त्याच्या हाती दोन बेढब भांडी येतात. मग एके दिवशी विस्तवात पडलेली खापरी दगडासारखी टणक आणि कौलासारखी लाल झालेली त्याला दिसते. तो भट्टी रचतो, भांडी लालबुंद होऊ देतो, एक वितळू लागताच जाळ हळूहळू कमी करतो आणि रात्रभर तिथेच जागा राहतो. माणसाच्या कष्टांबद्दल इतक्या आस्थेने लिहिलेली पाने मी फार थोडी वाचली आहेत.

प्रश्नकर्ता :
मडक्यांची ती पाने पुन्हा वाचली आणि ती मलाही मनापासून आवडली. मात्र त्यानंतर थोड्याच अंतरावर, बेटावरून सुटण्याचा विचार करताना, क्रूसोला झुरीची आठवण येते. त्याच वाक्यात तो होडीचीही इच्छा करतो, तिच्या शिडासकट.