आईला आता जेवायला कुठे न्यायचं?

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी आपल्या मेलिंग लिस्टवर लिहितेय. आई पुढच्या महिन्यात सांगलीहून इकडे कॅलिफोर्नियात येतेय, २०१९ नंतर पहिल्यांदाच. मधे कोरोना, मग व्हिसाच्या अपॉइंटमेंटचा घोळ, मग तिचा गुडघा, असं करत करत एवढी वर्षं निघून गेली. परवा फोनवर तिने विचारलं, "ते आपलं ट्रे घेऊन जायचं हॉटेल आहे ना गं अजून?" म्हणजे आपल्या फ्रीमाँटचं स्वीट टोमॅटोज. मला दोन मिनिटं काही बोलताच येईना. बंद झालं म्हटलं, तर म्हणाली कधी, मी म्हटलं कोरोनात, २०२० च्या मेमध्येच, तर म्हणाली मग तू मला बोलली नाहीस.

खरंच नव्हते बोलले. तेव्हा रोज फोनवर कोण ॲडमिट आहे आणि कोण गेलं एवढंच चालायचं, त्यात एक हॉटेल बंद झालं हे काय सांगणार.

ज्यांच्याकडे आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाहेर कुठेही गेलं की मेन्यू माझ्या हातात, वेट्रेसशी मी बोलायचं, यात चिकन ब्रॉथ आहे का हे मी विचारायचं, आणि आई गप्प बसून शेवटी "तू घेशील तेच मला" म्हणायची. जिने पन्नास-पन्नास पानांच्या पंगती वाढल्या त्या बाईला स्वतःचं ताट स्वतः मागता येत नाही हे मला फार लागायचं. तिथे तसं नव्हतं. आत शिरलं की ट्रे, थंडगार प्लेट, दोन्ही बाजूंना लांबच लांब सॅलड बार, सॅलड घेऊन झालं की कॅशियरकडे पैसे द्यायचे आणि मग आत सूप, ब्रेड, भाजलेला बटाटा, आइस्क्रीम. सूपपुढच्या पाटीवर व्हेजिटेरियन आहे की नाही लिहिलेलं असायचं, तो शब्द आई दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ओळखायला लागली. बीट, काकडी, उकडलेले छोले, वरून लिंबू, तिचं तिचं ती कोशिंबिरीसारखं जमवायची. मफिनमध्ये अंडं असतं ते सोडून द्यायची आणि सॉफ्ट सर्व्ह मात्र नातवाबरोबर दोनदा. "तू बस, मी आणते" हे वाक्य अमेरिकेत माझ्या आईने फक्त त्या एका हॉटेलात म्हटलंय.

आता जिथे जावं तिथे टेबलावर क्यूआर कोड, नाहीतर काउंटरवर स्क्रीन, आणि अर्ध्या ठिकाणी बसायला जागाच नाही, पिशव्यांची रॅक आहे फक्त. तर प्लीज सुचवा. कुठे नेऊ तिला?

— फ्रीमाँटहून

---

अगं, वाचून मलाही भरून आलं. मी ८६ साली सॅन डिएगोला नोकरीला लागलो तेव्हापासून ते आमचं रविवारचं ठिकाण, तिकडे सदर्न कॅलिफोर्नियात नाव सूपप्लांटेशन आणि बाकी सगळीकडे स्वीट टोमॅटोज, मालक एकच. पहिलं १९७८ मध्ये सॅन डिएगोलाच निघालं. नंतर आम्ही इकडे सनीवेलला आलो तेव्हा नाव वेगळं बघून हिला वाटलं दुसरंच काहीतरी असेल, आत गेल्यावर तोच बार बघून एवढी खूश झाली.

पण एक सांगतो, सगळं कोरोनावर घालू नका. ती कंपनी २०१६ मध्येच एकदा चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे दिवाळखोरीत, जाऊन आली होती. दुपारी भाडं आणि पगार भागेल एवढी गर्दी तेव्हाच कमी झालेली, आपण सगळे कुपन आलं की जाणारे, हे आपणही मान्य करायला पाहिजे. मग मार्च २०२० ला दारं बंद झाली आणि एफडीएने, म्हणजे सरकारच्या अन्न-औषध खात्याने, सांगितलं की लोकांनी स्वतः वाढून घ्यायचे बार बंद ठेवा. इतरांना निदान पिशवीत भरून देता येत होतं, इथे शंभर माणसं एकाच चमच्याला हात लावणार यावरच सगळी मांडणी उभी. ९७ ठिकाणं होती, ४,४०० माणसं कामाला, ७ मे ला कायमचं बंद म्हणून जाहीर करून टाकलं.

मला त्याच्या जोडीने आठवतं ते सॅन फ्रान्सिस्कोला समुद्राच्या कडेला लुईज. १९३७ पासूनचं साधं डायनर, इंडियातून आलेला एकही पाहुणा मी तिथे नेल्याशिवाय परत पाठवलेला नाही. खिडकीतून खाली सुत्रो बाथ्सचे पडके हौद आणि समोर पॅसिफिक, टोस्ट आणि बटाट्यावर दोन तास बसलं तरी कोणी उठा म्हणत नव्हतं. ते जुलै २०२० मध्ये बंद झालं, आणि खालचं क्लिफ हाउस त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला. क्लिफ हाउसचा इतिहास तर १८६३ पासूनचा, मधे दोनदा इमारत जळली तरी पुन्हा उभी राहिलेली. दोन्ही जागा नॅशनल पार्कच्या. परवा गेलो होतो त्या बाजूला, गाडीतूनच समुद्र बघितला आणि आलो.

तुझ्या आईला मसाला चहा प्यायला आमच्याकडे आण, हे सांगायला नकोच.

— सनीवेलचे काका

---

स्वीट टोमॅटोज २०२४ मध्ये ॲरिझोनात टूसॉनला एक परत उघडलं होतं. फ्रीमाँटहून बारा-तेरा तासांचं ड्राइव्ह आहे पण ग्रँड कॅन्यनला जाणार असाल तर वाट वाकडी करून बघा, निघायच्या आधी फोन मात्र करा.

— ट्रेसीहून

---

काका, ताई, मी इथे फक्त वाचत असतो, कधी लिहीत नाही. पण आज लिहितो कारण तुम्ही गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून लिहिलंय आणि मी किचनच्या बाजूला होतो. आमचं सॅन होजेला हॉटेल होतं, मी आणि एक पार्टनर, २०१३ ला उघडलं आणि जानेवारी २०२१ मध्ये चावी परत दिली. तुमच्यापैकी बरेच जण लंच बफेला येऊन गेलेले आहेत, नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

बफेचं गणित लोकांना उलटं वाटतं. लोकांना वाटतं भरपूर खाल्लं की मालकाचं नुकसान, तसं नसतं, भात डाळ आलू-गोबी नान यात मालाचा खर्च फार नाही. बफेला मारते ती रिकामी खुर्ची. सोमवार ते शुक्रवार साडेअकरा ते अडीच आमच्याकडे सव्वाशे पानं व्हायची, एक टेबल तीनदा भरायचं, आणि बाहेर वाढायला माणसं फक्त दोन. हे सगळं आजूबाजूच्या ऑफिसांच्या जिवावर. १७ मार्च २०२० ला सहा काउंट्यांची शेल्टर इन प्लेसची, म्हणजे घरातच थांबायची, ऑर्डर लागू झाली आणि ती सव्वाशे माणसं आपापल्या घरी बसली ती आजपर्यंत पूर्ण परत आलेली नाहीत, आता मंगळ-बुध-गुरु येतात तेवढीच. तीस माणसांसाठी बफे लावला तर पनीरचा ट्रे दिव्याखाली वाळतो आणि रात्री फेकावा लागतो. म्हणून व्हायरस गेला तरी बफे परत येत नाही.

मग सगळे म्हणाले डिलिव्हरी करा. केली. ॲपवाले तीस टक्क्यांपर्यंत घेत होते. सॅन फ्रान्सिस्कोने एप्रिलमध्येच पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली, पण आमचं हॉटेल तिथे नव्हतं. शंभर डॉलरच्या ऑर्डरमधून साधारण तिसरा हिस्सा मालाला, तेवढाच पगाराला, मग भाडं, वीज, इन्शुरन्स, त्यात तीस कुठून काढायचे. आणि डब्यात नान घातला की पाच मिनिटांत वाफेने ओला फडका होतो, डोशाचं तर विचारूच नका. मग आम्ही मेन्यू कापत गेलो, बिर्याणी ठेवली, रॅप ठेवले, बोल, म्हणजे एका वाडग्यात सगळं, सुरू केले, जे डब्यात तग धरतं तेच मेन्यूवर उरलं. आज तुम्ही कुठल्याही नव्या ठिकाणी गेलात तर बघा, पदार्थ टेबलासाठी नाही, गाडीच्या मागच्या सीटसाठी बनवलेले असतात. तव्यावरून ताटात यायला एक मिनिट लागलं तर चालतं, वीस मिनिटं चालत नाहीत असं आपलं निम्मं जेवण आहे, ते हळूहळू हॉटेलांतून निघून चाललंय. माझं सगळ्यात मोठं दुःख हे आहे, पैसे गेले त्याहून मोठं.

सरकारी मदत मिळाली, नाही म्हणणार नाही. पगार चालू ठेवायला सरकार देत होतं ते पीपीपीचं लोन मिळालं पण सुरुवातीला नियम असा की ते माफ व्हायचं तर आठ आठवड्यांत पंच्याहत्तर टक्के पगारावर खर्च करा, आणि हॉटेल तर बंद, माणसांना कामावर बोलावून करू काय. जूनमध्ये ते चोवीस आठवडे आणि साठ टक्के केलं तोवर आमचे दोन कुक टेक्सासला निघून गेले होते. मग बाहेर पार्किंगमध्ये टेबलं टाकली, तंबू, हीटर, सगळं उधारीवर. ९ सप्टेंबरला सकाळी वणव्याच्या धुराने आकाश नारिंगी झालं, आठवत असेल तुम्हाला, दिवसा दिवे लावले होते, त्या दिवशी टेबलांवर राखेचा थर होता आणि मी फडक्याने पुसत होतो आणि राख परत बसत होती. डिसेंबरमध्ये बाहेर बसवणंही बंद करायला लावलं. तेव्हा पार्टनर म्हणाला बास. नुसत्या हॉटेलांसाठीचा फंड आला तो २०२१ च्या मेमध्ये, २८.६ अब्ज डॉलर, अर्ज आले पावणेतीन लाखांच्या वर आणि मिळाले साधारण एक लाख जणांना. आम्ही त्या रांगेत नव्हतोच, आम्ही आधीच संपलो होतो.

एवढं लांबलं, माफ करा. एकच मागणं आहे, जे टिकलेत त्यांच्याकडे ॲपवरून न मागवता फोन करा आणि स्वतः आणायला जा. आणि जमलं तर शनिवारी पाऊण तास रांगेत उभं राहण्यापेक्षा मंगळवारी संध्याकाळी जाऊन बसा. मंगळवारचं एक भरलेलं टेबल मालकाला रात्री झोप देतं.

— सॅन होजेहून

---

दादा, तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं, आम्ही तुमच्याकडे येत होतो. तरी थोडं वेगळं लिहिते, रागावू नका कोणी.

माझी मुलगी एप्रिल २०२० ची. आईचं तिकीट काढलेलं होतं आणि मार्चमध्ये भारताने विमानंच बंद केली. बाळंतपणात घरात आम्ही दोघंच, नवरा बेडरूममधून मीटिंगा करायचा. त्या तीन महिन्यांत दारात पिशवी ठेवून जाणारी जी माणसं होती त्यांच्यामुळे मी जेवले. म्हणून घरी मागवणं म्हणजे काहीतरी वाईट सवय असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. आजही दोघं नोकरीवरून सहाला येतो, दोन मुलं, बाहेर टेबलावर दीड तास बसायची ताकद नसते.

आणि दुसरं, हॉटेलं गेली हे खरं, पण या पंचवीस वर्षांत बे एरियात मला विकत पुरणपोळी कुठल्या हॉटेलात मिळाली? थालीपीठ, अळूची भाजी, डाळिंबी उसळ? ते मिळायला लागलं घरून डबे करणाऱ्या आपल्याच बायकांकडून. राज्यात २०१९ पासून घरच्या स्वयंपाकघराला परवाना देण्याचा कायदा आहे, काउंटीने मान्यता दिली असेल तर इन्स्पेक्शन करून घेऊन दिवसाला तीस जेवणांपर्यंत विकता येतात. आमच्या डबेवाल्या मावशींनी असा परवाना काढलाय. त्या आधी वीस वर्षं डिपेंडंट म्हणून घरी होत्या. हे नुकसानीच्या हिशेबात धरायचं की कमाईच्या? ताई, तुमच्या आईंसाठी त्यांचा नंबर वेगळा पाठवते.

— डब्लिनहून

---

सगळ्यांचे आभार. काल रात्री तुमची पत्रं आईला फोनवर वाचून दाखवली, सगळी, दादांचं पत्र तिने दोनदा वाचायला लावलं. राखेचं टेबल ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, त्या कुकांचं पुढे काय झालं? दादा, सांगाल का, ती परत विचारणार आहे.

वहिनी, तुमचं शंभर टक्के पटतं, माझी धाकटी २०२१ ची आहे, तुम्ही कशातून गेलात ते कळतं. डब्याचा नंबर नक्की पाठवा, माझ्यासाठी. पण आईला डब्याचं सांगितलं तर म्हणाली, "घरीच बसून खायचं तर मीच करीन की, तुमच्या घरी गॅस आहे ना?" तिला बाहेर जायचंय. साडी नेसून, पर्स घेऊन, चार अनोळखी माणसांत बसून जेवायचंय. सांगलीत ती आणि तिची भिशी महिन्यातून एकदा हॉटेलात जातात, तिथे ऑर्डर तीच देते.

तर असं ठरवलंय. दादांनी मला एका ओळखीच्या ठिकाणाचं सांगितलंय, पूर्ण शाकाहारी, कागदी मेन्यू, वेटरला हिंदी येतं म्हणजे आई स्वतः बोलेल. आई आल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहा वाजता. मी त्यांना फोन केला, ॲपवरून नाही. ते म्हणाले मंगळवारी अख्खी मागची बाजू रिकामीच असते, चौदा माणसं झाली तर टेबलं जोडून देतील आणि भाकरी हवी असेल तर दोन दिवस आधी सांगा, करून देऊ, गरम वाढू.

काका काकू, दादा, तुमची तीन नावं धरलीत. वहिनी, मुलांना घेऊनच या, माझीही दोन आहेत, कोपऱ्यात त्यांचं वेगळं टेबल मागितलंय, आणि साडेसातला उठलात तरी कोणाला काही वाटणार नाही. बाकीच्यांनी रविवारपर्यंत नावं कळवा. भाकरी ज्वारीची की बाजरीची तेही लिहा.

— फ्रीमाँटहून